भावानं बांधून दिलेला पोटमाळा

वास्तुशास्त्र म्हटलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक उठते. कुणी घरात येऊन "तुमचा ईशान्य कोपरा जरा..." असं सुरू केलं की मी सरळ विचारते, चहा घेणार का, आणि चहा पाजून वाटेला लावते. लोकांना वाटतं, बाई नास्तिक आहे. नास्तिक कसली डोंबलाची! देवाचं सगळं करते मी, उपास करते, घट बसवते. पण देवाच्या आडून माणूस काय काय करतो ते मी बघितलंय. आणि तो माणूस परका असता तर एवढं लागलंही नसतं.

नव्वदच्या पुढची ती वर्षं. आम्ही तेव्हा इंदापूर तालुक्यात, कळंबला राहायचो. माझं माहेर बारामती तालुक्यातलं, कोऱ्हाळ्याचं. आमच्या ह्यांचा धंदा मोटरी भरायचा. म्हणजे विहिरीवरची, नदीवरची पाण्याची मोटर जळली की तिच्या आतली जळकी तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार भरून ती परत चालू करून द्यायची. सगळा उसाचा भाग, आणि लाइटीचं तंत्र असं की कधी दाबच नाही, कधी तीनातला एक फेज गायब. मोटरी जळायला काय कमी? लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणायचे, दारात टाकायचे आणि टाकता टाकताच म्हणायचे, "वहिनी, उद्याच्याला पायजे बरं का, ऊस वाळतुया." जसा काही आख्ख्या जगात ह्यांचाच ऊस!

मोटर खोलणं आणि शेतावर जाऊन बसवणं हे ह्यांच्याकडं, तार भरणं माझ्याकडं. लग्न होऊन आले तेव्हा मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. बघता बघता शिकले. ह्या कामाला बैठक लागते, नजर लागते. एक वेढा चुकला की मोटर पुन्हा जळते आणि गिऱ्हाईक पुन्हा दारात. माझी भरलेली मोटर तपासल्याशिवाय मी कधी दाराबाहेर जाऊ दिली नाही. कितीही घाई असो, आधी चालवून बघायची, हात लावून बघायचा, मगच द्यायची. ह्यात माझी हयगय नसायची.

हे सगळं चालायचं घराला चिकटून बांधलेल्या एका खोलीत. भिंती पक्क्या विटांच्या, वर पत्रा. आणि खोलीत पाय ठेवायला जागा नाही. भरायच्या मोटरी, भरलेल्या मोटरी, कुणी न्यायलाच न आलेल्या मोटरी, पंपाचे सुटे भाग, तारेची रिळं, व्हार्निशचे डबे. एकदा मी मोटरीला अडखळून अशी आपटले की महिनाभर लंगडत होते. तेव्हा ठरवलं, आता वर पोटमाळा काढायचा. वर्षानुवर्षं पडून असलेलं सगळं वर जाऊ दे, खाली माणसांना जागा होऊ दे.

आमचे हे म्हणाले, "पत्र्याच्या अँगलला साखळ्या बांधू आणि फळ्या टांगू. हाय काय अन् न्हाय काय."

"डोकं ठिकाणावर हाय का?" मी म्हटलं. "तो पत्रा वाऱ्यात स्वतःला सांभाळतोय तेच लय झालं. त्याच्या गळ्यात लोखंड बांधताय व्हय?"

मला भार भिंतीवर हवा होता. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक जाड गर्डर, दोन्ही टोकं भिंतीत काँक्रीटच्या बैठकीवर टेकलेली, त्याच्यावर आडवे अँगल, अँगलवर फळ्या. कडेला कठडा, म्हणजे वरचं काही घरंगळून डोक्यात यायला नको. शिडीला वरून आकडा, म्हणजे ती सरकायला नको. सगळं माझ्या डोक्यात तयार होतं. आणि करणारा माणूसही तयार होता. माझा धाकटा भाऊ.

त्याचं बारामतीत फॅब्रिकेशनचं दुकान होतं. गेट, ग्रिल, पत्र्याची शेड, गोठे. हात चांगला होता त्याचा, उगाच खोटं कशाला बोलू. मी त्याला कडेवर घेऊन वाढवलेलं. आई रानात गेली की त्याचं सगळं मीच करायचे. त्याची शाळा सुटली तेव्हा वेल्डिंगच्या कामाला लाव म्हणून आईच्या मागं मीच लागले होते. त्या दिवाळीत भाऊबीजेला तो साडी घेऊन आला. मी ओवाळलं आणि म्हटलं, "साडी ठेव तुझ्या बायकोला. मला ह्या वर्षी ओवाळणीत पोटमाळा दे."

तो हसला. म्हणाला, "आक्का, तू मागायचं आणि मी न्हाय म्हणायचं, असं कधी झालंय का?"

नव्हतं झालं. खरंच नव्हतं.

सामान घेऊन टेम्पो आला तेव्हा गर्डर रंग देऊनच आणलेला. तांबडा, तुकतुकीत. मी म्हटलं, "रंग हितं दिला असता की." तर म्हणाला, "तुला वासाचा त्रास नगं म्हणून तिकडंच दिला." आता बघा, मी दिवसभर व्हार्निशच्या वासात बसणारी बाई. पण मला केवढं कौतुक वाटलं! शेजारणीला बोलावून सांगितलं, भाऊ असावा तर असा. ती बिचारी म्हणाली, "नशीब लागतं बाई." मी ताठ मानेनं म्हटलं, "हायच माझं नशीब."

काम झक्क केलं त्यानं. भिंतीत खोबण्या पाडल्या, बैठकी भरल्या, त्या मुरायला वेळ दिला, अँगल बसवले, फळ्या कसल्या. कठडाही केला, शिडीचा आकडाही केला. गर्डरच्या खालच्या बाजूला मधोमध एक कडी लावली आणि तिला बल्ब टांगला. मग माझं तार भरायचं टेबल त्यानं स्वतःच्या हातानं ओढून त्या बल्बखाली आणलं. "हितं बसत जा आक्का. उजेड बरोबर हातावर पडंल."

आणि सगळं झाल्यावर पिशवीतनं गणपतीची तसबीर काढली. वर चढला, माळ्याच्या अगदी मध्यावर पाट मांडला, तसबीर ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि वरूनच सांगितलं, "आक्का, ह्या मधल्या जागंत काय बी जड ठिवायचं न्हाय. घराचं ब्रह्मस्थान असतंय. तितं देवच पायजे. वजन सगळं भिंतीकडंला."

त्या वर्षांत ह्या वास्तूच्या खुळानं सगळ्यांना झपाटलेलं. बारामतीतले बंगलेवाले चांगली गेटं उपटून दुसऱ्या दिशेला लावत होते आणि माझा भाऊ ती लावून देत होता. त्यामुळं ही असली भाषा त्याच्या तोंडात बसलेली. मला गंमत वाटली. म्हटलं, राहू दे, देव आहे, कुणाचं काय खातोय?

आमच्या ह्यांनी मात्र एक खोड काढली. म्हणाले, "मध्यावर चार मोटरी ठिवून बघू, दोन दिवस. गर्डर वाकतोय का कळंल. मग देव बसवू."

माझं टाळकंच सरकलं. भावासमोर बोलत होते हो! मी म्हटलं, "ओवाळणीत घातलेल्याचं वजन करून बघतात का कुठं? भावानं दिलेल्या साडीचे धागे मोजायचे व्हय? आणि देवाच्या जागेवर जळक्या मोटरी ठेवता, लाज न्हाय वाटत?" त्यांनी तो नाद सोडला. भाऊ खाली मान घालून त्याची हत्यारं पिशवीत भरत राहिला. मला वाटलं, दाजींच्या बोलण्यानं दुखावला असंल. म्हणून जाताना त्याला तुपातल्या शेवया खाऊ घातल्या.

पुढं काही वर्षं तो माळा वापरला आम्ही. भिंतीकडेला मोटरी, पंप, लोखंड. मधे गणपती. मी रोज आंघोळ करून शिडी चढायचे, फूल वाहायचे, उतरायचे आणि बरोबर त्याच्याच खाली बसून संध्याकाळपर्यंत तार भरायचे. कुणी गिऱ्हाईक वर सामान ठेवायला मदत करू लागलं की मी ओरडायचे, "मधी न्हाय, मधी न्हाय, तितं देव हाय!" कळंबात आमच्या माळ्याच्या गणपतीची चांगली ख्याती झाली होती. मोटर घेऊन जाताना लोक वर बघून हात जोडायचे.

मग एका वर्षी घट बसायच्या आधीची साफसफाई निघाली. आमच्यात तेव्हा घरातली चिंधीन् चिंधी बाहेर काढून धुतात. खोलीत व्हार्निशच्या धुराची काजळी बसलेली, म्हणून मी तारेचा ब्रश आणि सोड्याचं पाणी घेऊन टेबलावर चढले आणि खालून गर्डर घासायला लागले. कडीपाशी आले तर रंगाचा पोपडा सुटला. त्याच्याखाली पांढरं काहीतरी. बघते तर लांबी. लाकडाच्या भेगा बुजवायला सुतार भरतात ना, ती. आता गर्डरला लांबी कशाला? मी नखानं उकरली. लांबी भसाभसा पडायला लागली, माझ्या तोंडावर, टेबलावर. आणि खालून एक रेघ निघाली. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, सरळ.

गर्डर अख्खा नव्हताच. दोन तुकडे मध्यावर जोडलेले. वेल्डिंग मारून, घासून, लांबी भरून, वरनं रंग देऊन. आणि ते वेल्डिंग खालच्या बाजूनं उललं होतं. मोटरीच्या खाचेत तारेखाली घालायचा जाड कागद असतो आमच्याकडं. त्याचा तुकडा घेऊन मी त्या फटीत सारला. तो आत गेला. सहज गेला.

मी टेबलावर तशीच उभी होते. डोक्यावर ती फट, पायाखाली माझी रोजची जागा. आधी मला खरंच वाटलं, त्याला माहीत नसंल. दुकानदारानं त्याला फसवलं असंल. माणूस किती येडं असतं बघा. मग त्या फटीच्या वर बसलेला गणपती आठवला.

घराचं ब्रह्मस्थान नव्हतं ते. गर्डरचा सांधा होता. तिथं वजन पडू नये म्हणून त्यानं देव बसवला होता. आणि उजेड हातावर पडावा म्हणून मला त्याच्या खाली.

हे शेतावरनं आले. मी दाखवलं. 'मी सांगितलं व्हतं' असं एक अक्षर त्यांनी काढलं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. त्यांनी आधी मला खोलीबाहेर काढलं. मग गर्डरच्या दोन्ही तुकड्यांखाली जाड वाशांचे टेकू दिले आणि मगच वरचं एकेक उतरवायला घेतलं. शेवटी तसबीर उतरवली. ती माझ्या हातात देताना म्हणाले, "ह्यो एकटाच इमानदार निघाला बघ."

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं बारामती गाठली. भाऊ दुकानात होता, गेटला पट्ट्या मारत. मला बघून चेहरा फुलला त्याचा. "आक्का! अचानक?"

"गर्डरला जोड हाय," मी म्हटलं.

त्यानं हातातली वेल्डिंगची काच खाली ठेवली. तो नाही म्हणाला असता तर मी त्याचे पाय धरून विनवलं असतं, परत एकदा नाही म्हण. पण तो म्हणाला, "हाय की. जोड काय वाईट असतो व्हय? नीट मारला व्हता मी."

"नीट मारला व्हतास तर तितं देव कशाला बसवलास?"

 आमच्याकडं टकामका बघणाऱ्या कामगाराला त्यानं चहा आणायला पिटाळलं.

"आक्का, अख्खा गर्डर तुझ्यासाठीच आणून ठेवला व्हता. आईशप्पथ! पण सासऱ्यांचा गोठा निघाला मधीच. त्यांनी मापाचा गर्डर बघितला आणि म्हणाले, ह्योच पायजे. आता सासऱ्यांच्या दारात जोडकाम करून चालतं व्हय? चार पावणं बघणार. तू काय, घरची हायस. तुला चालतं."

तुला चालतं! त्याच्या सासऱ्याच्या म्हशींच्या डोक्यावर अख्खा गर्डर आणि सख्ख्या बहिणीच्या डोक्यावर जोडलेला. परक्याचं काम चोख, कारण परका नावं ठेवतो. घरची नावं ठेवत नाही. मी ठेवली नव्हती नावं. मी तर नवऱ्याला सुद्धा ठेवू दिली नव्हती.

"सांगायचं तरी व्हतंस मला," मी म्हटलं. "मी मध्याला खांब दिला असता. टेबल तरी सरकवलं असतं मेल्या, टेबल तरी!"

"सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं," तो म्हणाला. "आणि मधी वजन ठिवू नगं, असं सांगितलं व्हतंच की मी. देवाचं नाव घेतलं म्हणून तर तू पाळलंस. उद्या येतो, पट्टी मारून देतो, टकाटक."

मी त्याच्या दुकानातलं पाणीसुद्धा न पिता निघाले. स्टँडवर रडू आलं, आणि ते रडू त्या बावळट बाईचं होतं, जी शेजारणीला बोलावून नशीब दाखवत होती. रागही असा आला की वाटलं, परत जावं आणि एक ठेवून द्यावी कानाखाली, लहानपणी द्यायचे तशी. नाही गेले. घरी आले. आमच्या ह्यांनी दुसरीकडनं अख्खा गर्डर आणवला, भाऊ सोडून दुसऱ्याच माणसाकडनं बसवून घेतला, आणि ह्या वेळी मध्यावर भरपूर मोटरी रचून आम्ही दोघं दोन दिवस लांबून बघत बसलो. वाकला नाही. मगच मी टेबल पुन्हा त्याच्याखाली सरकवलं.

भावाशी बोलणं टाकलं. निरोप आला, उत्तर दिलं नाही. तेव्हा आई आली. कोऱ्हाळ्याहून दोन एसट्या बदलून, पिशवीत शेंगा घेऊन. ओट्यावर बसली आणि सुरू झाली. भाऊ आहे तो. पाठचा आहे. लोखंडासारख्या लोखंडावरनं रक्ताचं नातं तोडतात का? मी शेंगा सोलत ऐकत होते. आईवर मी कशाला चिडू? तिला दोन्ही पोटचीच. मी तिला सगळं सांगितलं, लांबी, फट, कागद, सगळं. मला वाटलं, ऐकून तिच्या पायाखालची जमीन सरकंल.

ती म्हणाली, "मला ठावं व्हतं गं."

माझा शेंगा सोलणारा हात थांबला.

"त्यानंच सांगितलं व्हतं, बसवून आला तवाच. म्हणाला, आक्काला बोलू नगं, ती थयथयाट करंल, माझ्या सासरपत्तोर बोंब जाईल. म्या म्हटलं, बहीणभावात कशाला वितुष्ट? पण मला काय चैन पडतंय व्हय? म्हणून तर मी आले की तुला कामावर बसूच द्यायची न्हाय. चहा कर, डोकं विंचर, भाकरी टाक, असं करून बाहेर बोलवायची."

खरं होतं ते. आई आली की माझं काम तटायचं. मी वैतागायचे आणि गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचेही, आई आलीय, आता दोन दिवस मोटर मिळायची नाही, तिला लेक समोर लागते.

"आणि तू परत गेल्यावर?" मी विचारलं.

आईनं पदरानं तोंड पुसलं. "गेल्यावर मग काय करणार बाई? तिकडं माझ्या जिवाला नुसता घोर लागायचा."

"तुझ्या जिवाला?" मी म्हटलं.

ती माझ्या पुढ्यातल्या शेंगा ओढून सोलायला लागली. मला वाटतं, मी काय विचारलं ते तिला कळलंच नाही.